दवाखान्याची गोळी कोणाच्या शब्दावर बंद करू नका



आपल्या श्रीगोंद्याच्या वस्तीत कोणाच्या डोक्यात गाठ निघाली, की दोन दिवसांत घरी माणसांची रीघ लागते. कोणी काढा सांगतो, कोणी लांबच्या गावचा झाडपाल्याचे औषध देणारा, कोणी मोबाईलवरचा व्हिडिओ दाखवतो. सांगणारा वाईट नसतो आणि ऐकणारे घर अडाणी नसते. ज्याचा बाप रात्रीतून झटके येऊन पडला, त्याला हातावर हात ठेवून बसवत नाही. किसा गौतमीही लेकराला कडेवर घेऊन औषधासाठी दारोदार फिरली होती. तथागत तिला हसले नाहीत. आम्हीही या घरांना नावे ठेवायला हे लिहीत नाही.

आमचे म्हणणे एवढेच आहे. उपचाराला जोड द्यायची असेल तर डॉक्टरला विचारून द्या. दवाखाना तोडून नको आणि लपवून तर नकोच.

याचे कारण समजून घ्या. मेंदूच्या गाठीच्या रुग्णाला बहुतेक वेळा दोन औषधे सुरू असतात. एक डेक्सामेथासोन, म्हणजे गाठीभोवतीची सूज उतरवणारे स्टेरॉईड. दुसरे झटके थांबवणारे. "आधी इंग्रजी औषधे बंद करा, मगच माझा गुण येईल," असे सांगणारा नेमकी हीच बंद करायला लावतो. स्टेरॉईड एकाएकी थांबवले तर सूज पुन्हा वाढते, रक्तदाब घसरू शकतो. झटक्यांची गोळी एकदम सोडली तर न थांबणारे झटके येऊ शकतात. गाठीने जाण्याआधी माणूस गोळी बंद केल्याने जाऊ शकतो.

घरच्या भाजीतली हळद वेगळी आणि हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल वेगळ्या. काही भस्मांत शिसे, पारा सापडलेला आहे. केमोच्या गोळीने रक्तातल्या पेशी आधीच कमी झालेल्या असताना असे काही पोटात गेले, तर डॉक्टरला ते ठाऊक असलेच पाहिजे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीचा कॅन्सर बरा होण्याचे श्रेय कडुनिंब, हळद, लिंबूपाणी अशा आहाराला दिले. तेव्हा मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या आजी-माजी २६२ कॅन्सरतज्ज्ञांनी पत्रक काढून सांगितले, की याला पुरावा नाही, यासाठी उपचार लांबवू नका. त्या बाईंची शस्त्रक्रिया आणि केमोही झाली होती. व्हिडिओ पुढे पाठवताना आपल्या लोकांनी तेवढे मात्र गाळले.

दवाखाना सगळे बरे करतो, असेही आम्ही म्हणत नाही. ग्लायोब्लास्टोमा ही फार हट्टी गाठ आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत रेडिएशनला टेमोझोलोमाइड गोळीची जोड दिल्यावर दोन वर्षे जगणारे रुग्ण शंभरात १० वरून २६ झाले. आकडा लहान वाटतो. पण जो बाप लेकीचे लग्न पाहून गेला, त्याच्या घराला विचारा. शिवाय डोक्यातली प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. काही गाठी शस्त्रक्रियेने निघतात आणि माणूस कामाला लागतो. बायोप्सीचा रिपोर्ट यायच्या आतच जे घर औषधवाल्याकडे धावते, ते बरी होणारी गाठही वाढवून बसते.

लोक तिकडे का जातात, हेही बोलले पाहिजे. तिथे माणूस तासभर ऐकून घेतो. दवाखान्यात दोन मिनिटांत पुढचा नंबर पुकारतात. ही तक्रार खरी आहे. पण बाबासाहेबांनी आपल्याला प्रश्न विचारायला शिकवले आहे. डॉक्टरला विचारा: गाठ कोणती? उपचाराने काय मिळेल? काय मिळणार नाही? औषधवाल्यालाही विचारा: कोणाची गाठ गेली, तिचा आधीचा आणि नंतरचा एमआरआय दाखवा. कॅन्सर बरा करण्याची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, हेही त्याला सांगा.

पैशाचे म्हणाल, तर शेळ्या विकण्याआधी रेशनकार्ड काढा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. कॅन्सरची शस्त्रक्रिया, रेडिएशन, केमो त्यात येतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला भेटा. उपचाराला जाताना रेल्वेच्या स्लीपर डब्यात रुग्णाचे भाडे पूर्ण माफ असते आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. दवाखान्याचा दाखला मात्र लागतो.

मग घरच्यांनी करायचे काय? आनापान बसवा, पाय चोळा, मऊ जेवण द्या, सकाळी अंगणात चार पावले चालवा. याने गाठ विरघळत नाही, पण झोप लागते, भीती कमी होते. डॉक्टरांनी पुढे उपचार नाही म्हटले, तरी वेदना कमी करण्याचे उपचार असतातच. ते मागून घ्या.

आणि पुढच्या तारखेला जाताना घरातला काढा, पुड्या, भस्म, सगळे एका पिशवीत भरून डॉक्टरच्या टेबलावर ठेवा. ते रागावतील. रागावू द्या. पण आपल्या माणसाच्या पोटात काय जाते, ते त्यांना कळू द्या.