परक्या डोंगरावरील दगड

वृत्तपत्रांच्या मुस्कटदाबीचा विषय निघाला की आपणा मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएलांस प्रथम लोकमान्य टिळक आठवतात. ‘केसरी’तील लेखांबद्दल १९०८ साली त्यांस सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेस जावे लागले. मागाहून आठवते ती जून १९७५ ची आणीबाणी. त्या वेळी ‘इंडियन एक्सप्रेस’ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती. जपानचे नाव या संदर्भात आपल्यात सहसा निघत नाही. म्हणून या खेपेस किर्यू यूयू या जपानी संपादकाची हकिकत आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

किर्यू यांचा जन्म १८७३ साली कानाझावा येथे झाला. नागानो येथील ‘शिनानो माइनिची’ या दैनिकाचे ते प्रमुख संपादक होते. काळ मोठा विपरीत होता. ज्या १९२५ साली जपानात पंचवीस वर्षांवरील पुरुषांस मताधिकार मिळाला, त्याच साली विरोधी विचारांस तुरुंग दाखविणारा शांतता संरक्षण कायदाही झाला. १५ मे १९३२ रोजी पंतप्रधान इनुकाई यांस नौदलाच्या तरुण अधिकाऱ्यांनी राहत्या घरी गोळ्या घातल्या. त्यानंतर लष्कराविरुद्ध लेखणी उचलण्यास भलेभले कचरू लागले.

ऑगस्ट १९३३ मध्ये तोकियो व आसपासच्या प्रदेशात हवाई हल्ल्यापासून बचावाची मोठी कवायत झाली. ११ ऑगस्टच्या अग्रलेखात किर्यू यांनी तिची थट्टा केली. शत्रूची विमाने राजधानीच्या माथ्यावर आली, याचा अर्थच आपण हरलो. लाकडी घरांचे हे शहर पेटेल आणि दिवे मालवून ते वाचणार नाही, असा त्यांचा साधा युक्तिवाद होता. १० मार्च १९४५ च्या एका रात्रीत तोकियोत सुमारे एक लाख माणसे मेली, तेव्हा तो अक्षरशः खरा ठरला.

पण १९३३ साली राखीव सैनिकांची संघटना खवळली. माफी न मागितल्यास जिल्ह्यात या पत्रावर बहिष्कार घालू, अशी धमकी तिने दिली. येथे आम्हांस थबकावेसे वाटते. टिळकांवर खटला तरी झाला, न्यायासनासमोर त्यांस बोलता आले. किर्यू यांस कोणी न्यायालयात खेचले नाही. ग्राहक तुटतील या भयाने मालक नमले आणि साठीचा संपादक, मोठे कुटुंब पदरी असता, घरी बसला. आमच्या मते हा मार्ग तुरुंगाहून अधिक धूर्त होय, कारण त्यात जुलमाचा ठपका कोणावरच येत नाही.

यिर्मया संदेष्ट्याची गुंडाळी यहोयाकीम राजाने चाकूने कापून शेगडीत टाकली, तेव्हा यिर्मयाने बारूखास बसवून ती पुन्हा लिहविली व त्यात भर घातली, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. किर्यू यांनीही तेच केले. नागोयानजीक बिऱ्हाड करून १९३४ पासून त्यांनी स्वतःचे छोटे पाक्षिक चालविले. त्याचे नाव ‘ताझान नो इशी’, म्हणजे परक्या डोंगरावरील दगड. असा दगडही आपले रत्न घासण्यास उपयोगी पडतो, असा त्यातील भाव. परदेशी ग्रंथांचा सारांश द्यावयाचा आणि त्याच्या आडून देशाच्या कारभारावर बोलावयाचे, ही त्यांची रीत. ते क्रांतिकारक नव्हते, सम्राटनिष्ठच होते. कित्येक अंक जप्त झाले, परिच्छेद खोडले गेले.

जाहिरातदार नाहीत, धनिक मालक नाही; थोडे वर्गणीदार आणि टपाल, एवढ्यावर हे पाक्षिक सात वर्षे टिकले. बहिष्काराची धमकी द्यावी तरी कोणास? ज्यांची वर्गणी वेळेवर येते त्या आमच्या वाचकांस याहून अधिक सांगणे नको. इतरांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

१९४१ च्या उन्हाळ्यात घशाच्या कर्करोगाने त्यांचे अन्न तुटले. त्यांनी वर्गणीदारांस निरोपाचे पत्र लिहून पाक्षिक बंद करीत असल्याचे कळविले. बिघडत चाललेले हे जग सोडून जाण्यात आपणास आनंदच आहे. युद्धानंतर होणारे मोठे निःशस्त्रीकरण मात्र पाहावयास मिळणार नाही, एवढीच खंत, असा त्याचा आशय होता. १० सप्टेंबर रोजी त्यांचे देहावसान झाले. तीन महिन्यांनी जपानी विमानांनी पर्ल हार्बरवर बॉम्ब टाकले.