सयाजीरावांचे चित्र आणि चौकटीबाहेरचे नृत्य

राजा रविवर्मा १८८१-८२च्या सुमारास बडोद्यास आला आणि त्याने नुकतीच राज्याची सूत्रे हाती घेतलेल्या सयाजीराव गायकवाडांचे तैलचित्र काढले. भरजरी पोशाख, गळ्यात हिऱ्यामोत्यांचे अलंकार, कोवळे पण करारी मुख. मराठी वाचकाला हे चित्र परिचित आहे. त्यात आपल्याला दिसतो तो ग्रंथालयांचा, सक्तीच्या शिक्षणाचा, आंबेडकरांना शिष्यवृत्ती देणारा राजा. नृत्याचा आश्रयदाता मात्र त्यात कोणी पाहत नाही.

वस्तुतः चित्र निघाले तेव्हा तंजावरचे नृत्य बडोद्यात आलेले होते. १८८०मध्ये सयाजीरावांचा विवाह तंजावरच्या मराठा राजघराण्याच्या नात्यातील लक्ष्मीबाईंशी, म्हणजे पहिल्या चिमणाबाईंशी झाला. त्यांच्याबरोबर नर्तकी, नट्टुवनार आणि वादक आले व दरबारच्या ‘कलावंत कारखान्या’त चाकरीस लागले. दिवाण टी. माधवराव हेही मूळचे कुंभकोणमचे, तंजावरी मराठी घराण्यातले. रविवर्म्याला बडोद्याची वाट दाखवण्यात त्यांचा हात होता. चित्रकार, राणी, दिवाण, नर्तकी असा सगळा दक्षिणेचा गोतावळा एका गुजराती शहरात मराठी राजाभोवती जमला होता. आपल्या वाङ्मयेतिहासात तंजावर सरफोजींपाशी येऊन थांबते, ते का?

आणखी एक गोष्ट खटकते. ‘आश्रय’ हा शब्द आपण फार सहज वापरतो. या कलावंत स्त्रिया लग्नाच्या लवाजम्यातून आल्या, हे त्या शब्दाखाली झाकले जाते. गौरा आणि कांता ही नावे टिकली. बाकीच्यांची किती जणांना ठाऊक आहेत? रविवर्म्याला कलावंत स्त्रिया रंगवता येत नव्हत्या असे नाही. म्हैसूरसाठी त्याने निरनिराळ्या प्रांतांतील वादक स्त्रियांचा मेळाच एका चित्रात बसवला. राजाच्या व्यक्तिचित्रात मात्र त्यांना जागा नसते. त्या प्रकाराचा संकेतच तसा.

संकेत मोडता येतो. रशियन बॅलेचा सूत्रधार द्यागिलेव्ह याचे लेऑन बाक्स्तने १९०६मध्ये पूर्ण केलेले चित्र पाहावे. खिशात हात घातलेला, ऐटबाज द्यागिलेव्ह पुढे उभा आहे आणि मागे कोपऱ्यात त्याची म्हातारी दाई बसली आहे. ज्या हातांनी हा माणूस वाढवला ते हात चित्रकाराने चौकटीत ठेवले. (बॅलेची एकही नर्तकी तिथेही नाही, हे खरे.)

आमच्या अंबरनाथला नेमके उलटे आहे. शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०च्या शिलालेखात शिलाहार राजाचे नाव आहे, पण भिंतींवर दिसतात त्या नृत्यमुद्रेतल्या स्त्रिया. विद्यार्थ्यांना मंदिर दाखवताना आपण प्रथम शिलालेख वाचतो, मूर्तींना ‘सुरसुंदरी’ म्हणून पुढे जातो.

बडोद्यात १९३९मध्ये सयाजीराव गेले आणि दरबारी नृत्याचे दिवस सरले. पुढे त्यांच्याच नावाच्या विद्यापीठात नृत्य हा पदवीचा विषय झाला. त्या अभ्यासक्रमाचा पूर्वेतिहास मराठीच्या वर्गातही शिकवता येईल, कारण त्यातला बराचसा मराठी दरबारांत घडला आहे.