पकड जरा सैल करा

घरात काही अडकले की सगळ्यात दणकट माणसाला हाक मारायची, ही आपली जुनी पद्धत. लोणच्याच्या बरणीचे झाकण असो, नळाची तोटी असो की पावसाळ्यात फुगलेले दार असो, "जरा जोर लावा हो" म्हटले की कोणीतरी बाह्या सरसावून पुढे येते. माझाही या पद्धतीवर विश्वास होता. गेल्या होळीला तो उडाला, आणि उडवला तो बांगडीएवढ्या दोन कड्यांनी.

माझा पुतण्या हल्ला-महल्ल्याचे फोटो काढायला लातूरहून नांदेडला माझ्याकडे आला होता. होळीच्या दुसऱ्या दिवशी सचखंड गुरुद्वाऱ्यातून निघणारी ती मिरवणूक म्हणजे निळ्या-केशरी रंगांचा पूर. कॅमेरा नवा होता, पण त्यावर त्याने जोडपट्टी लावून बसवली होती माझ्या थोरल्या भावाची जुनी लेन्स. भाऊ लातूरला फोटोचा व्यवसाय करायचा. त्याला जाऊन बरीच वर्षे झाली. लेन्सच्या तोंडावर त्याने बसवलेले दोन फिल्टर तसेच होते. आत एक साधा, काच सांभाळणारा. त्यावर दुसरा पिवळा. पुतण्याने पहिला फोटो घेतला आणि सगळे अंगण कावीळ झाल्यासारखे दिसले.

हा पिवळा फिल्टर तिथे का होता, ते मला ठाऊक होते. ३० सप्टेंबर १९९३. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतली किल्लारी परिसरातली गावे दगडमातीखाली गेली. सुमारे दहा हजार माणसे गेली. भाऊ त्याच दिवशी कॅमेरा घेऊन निघाला. तेव्हाची आपली बहुतेक वर्तमानपत्रे कृष्णधवल छापली जात. कृष्णधवल फिल्मवर निळे आकाश पांढरेफटक येते. पिवळी काच निळा प्रकाश थोडा अडवते, आकाश गडद होते आणि ढग उठून दिसतात. त्या आठवड्यात त्याने बसवलेली ती जोडी नंतर कोणी काढल्याचे मला आठवत नाही.

आता ती निघेना. मी दोन बोटांत घट्ट धरून पिळले. पुतण्याने पिळले. शेजारच्या तालमीत जाणाऱ्या मुलाला बोलावले, त्याचा अंगठा लाल झाला. कोणी म्हणाले, फ्रीजमध्ये ठेवा. शेवटी मी पक्कड आणली. हा दोष सर्वस्वी माझा. कडीला खाच पडली, फिल्टर जागचा हलला नाही. बाजारातल्या एका दुकानात दाखवले तर उत्तर मिळाले, "कडी कापावी लागेल. नाहीतर फेकून द्या, नवी लेन्स घ्या." मिरवणूक निघून गेली. पुतण्याने शेवटी मोबाइलवर फोटो काढले.

चार दिवसांनी मीच लेन्स घेऊन एसटीने लातूरला गेलो. कापायचे तर वहिनींना विचारल्याशिवाय नको, असे मनात होते. त्या स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, माझ्या हातातली झटापट थोडा वेळ पाहिली आणि म्हणाल्या, "भाऊजी, एवढी ताकद कशाला लावायलाव? जितकं दाबताव तितकं ते आवळायलंय."

वहिनींचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण त्या एका वाक्यात सगळे यंत्रशास्त्र आले. फिल्टरची कडी पातळ, बहुधा अॅल्युमिनियमची. ५२ मिलिमीटरच्या फिल्टरला दोन आट्यांमधले अंतर जेमतेम पाऊण मिलिमीटर. दोन बोटांनी समोरासमोर चिमटले की गोल कडी किंचित लंबगोल होते आणि चिमटलेल्या जागी आटे आट्यांत रुततात. मग आपण आणखी जोर लावतो, ती आणखी रुतते. पकडीने तर कहरच. फ्रीजचाही उपयोग नाही. बरणीचे झाकण गरम पाण्याने सुटते, कारण पत्रा काचेपेक्षा जास्त प्रसरण पावतो. इथे दोन्ही कड्या एकाच धातूच्या. आकसल्या तरी सारख्याच आकसणार. वर थंड लेन्स बाहेर काढली की दमट हवेत तिच्यावर दव धरते आणि बुरशीला आमंत्रण मिळते.

वहिनींनी नवी कोरी रबरी चप्पल आणली. लेन्स मेजावर तोंड वर करून धरायला सांगितली. चपलेचा तळवा तिच्यावर सपाट टेकवला, म्हणजे रबर कडीच्या सगळ्या काठावर सारखे बसले. काच काठापेक्षा खोल असल्याने तिला धक्का नाही. मग वरून हलकेच दाबून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवले. दोन्ही फिल्टर मिळून लेन्सपासून सुटले. राहिले ते एकमेकांत अडकलेले. त्यासाठी पुतण्याने सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन पट्टे कापले. प्रत्येक कडीभोवती एक गुंडाळला, आणि चिमटा न घेता, सगळ्या बोटांनी चहूबाजूंनी सैल धरून उलटसुलट फिरवले. 'कट्' असा आवाज झाला आणि जोडी फुटली.

ज्यांच्या घरी असा कॅमेरा आहे त्यांना सांगतो. मराठवाड्याच्या धुळीत काच सांभाळणारा फिल्टर हवाच, पण तो आवळून बसवू नका. टेकला की थांबा. महिन्यातून एकदा काढा, आटे कोरड्या ब्रशने झाडा. तेल चुकूनही नको, ते काचेवर उतरते. फारच कुरकुरत असेल तर आट्यांवरून शिसपेन्सिल फिरवा. एकावर एक दोन फिल्टर कायमचे ठेवू नका. फिरणारा पोलरायझर असेल तर त्याची पुढची कडी नुसतीच गरगरते. पट्टा मागच्या कडीला लावा. पितळी कडीचे फिल्टर कमी अडकतात, पण महाग पडतात.

माझे म्हणणे मात्र कॅमेऱ्यापुरते नाही. अडकलेल्या वस्तूपुढे आपल्याला दोनच वाटा दिसतात: जोर लावा, नाहीतर फेकून द्या. दुकानदारही दुसरीच वाट दाखवतो, त्यात त्याचा फायदा आहे. ती कुठे अडकली आहे आणि आपणच तर तिला आवळत नाही ना, हे पाहायला पाच मिनिटे कोणी देत नाही. ज्यांनी आयुष्यभर कुकरची झाकणे, स्टोव्हचे पंप आणि शिलाई मशीनची चाके सांभाळली, त्या बायकांना आपण विचारतही नाही. घरातले हे ज्ञान वापराविना पडून राहते, आणि आपण नांदेडचा बाजार पालथा घालतो.

कड्या सुटल्या तेव्हा आट्यांतून मेजावरच्या कागदावर चिमूटभर करडी धूळ पडली. ती १९९३ची होती की नंतरच्या वर्षांची, कोण सांगणार? आम्ही तिघेही क्षणभर तिच्याकडे बघत राहिलो. मग वहिनींनी पिवळा फिल्टर पदराने पुसला, खाच पडलेल्या जागेवरून बोट फिरवले आणि पुतण्याच्या हातात दिला. "डबीत ठेव. टाकू नको." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि भाऊजी, माझी चप्पल द्या."