धंदा कशाला म्हणायचे?



वाशी म्हटले की बहुतेकांना नवी मुंबई आठवते. मी म्हणते आहे ती वाशी धाराशिव जिल्ह्यातली, बालाघाटच्या डोंगराळ भागातली. खव्याच्या भट्ट्यांची आणि ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांची. अशा गावांतल्या मुलींच्या हाती आता पदवीच्या वर्गातच संशोधन येते आहे, तेही व्यवस्थापनशास्त्रातले. त्याविषयी आज बोलायचे आहे.

आजवर संशोधन म्हणजे एम. कॉम. होऊन पीएच. डी.ला लागलेल्यांचे काम, अशीच समजूत होती. ती हळूहळू बदलते आहे. राज्यातल्या विद्यापीठांचा ‘आविष्कार’ हा संशोधन महोत्सव २००६ पासून भरतो. त्यात वाणिज्य, व्यवस्थापन व विधी असा एक गट आहे आणि पदवीच्या विद्यार्थ्यांनाही भाग घेता येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये चार वर्षांच्या पदवीचा आराखडा आणला. त्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवणाऱ्यांना चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स पदवी घेता येते. २०२४ मध्ये राज्य सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या घरांतल्या मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ केली. बीबीएसारखे अभ्यासक्रमही त्याच वर्षी एआयसीटीईच्या कक्षेत आले. कागदावर तरी दार उघडले आहे.

दार उघडले, पण आत जाऊन या मुली कशाचा अभ्यास करतात? कोणत्याही चर्चासत्राच्या विषयांवर नजर टाका. मोटारसायकल घेणाऱ्या ग्राहकांचे समाधान, मोबाइल कंपन्यांची जाहिरात, एखाद्या मोठ्या बँकेतली कर्मचारी प्रेरणा. विषय वाईट नाहीत. पण ते वाशीत लिहिले काय आणि पुण्यात लिहिले काय, गावाचे नाव तेवढे बदलते. पन्नास जणांकडून प्रश्नावली भरून घ्यायची, रंगीत आलेख काढायचे, झेरॉक्सच्या दुकानात स्पायरल बाइंडिंग करून घ्यायचे आणि दहा मिनिटांत वाचून खाली बसायचे. असल्या प्रकल्पातून मुलीला गुण मिळतील, पण स्वतःचा प्रश्न स्वतः विचारण्याची सवय लागणार नाही.

आणि प्रश्न तर तिच्या उंबऱ्याबाहेरच उभे आहेत. खव्याच्या धंद्याचेच घ्या. साधारण पाच लिटर दूध आटवल्यावर किलोभर खवा मिळतो. दूध कोण काढते, भट्टीपुढे कोण बसते, भाव कोण ठरवतो आणि पैसे कोणाच्या हाती पडतात? या चार प्रश्नांचा कच्चा हिशेब मांडला तरी व्यवस्थापनाचा उत्तम प्रकल्प होईल. तेरखेड्याच्या फटाक्यांच्या कामात मजुरी कशी ठरते? उस्मानाबादी शेळी सगळीकडे नावाजलेली. मग बाजारात ती विकताना तिला सांभाळणाऱ्या बाईचे मत कोण विचारतो?

ऊसतोडीचा विषय तर अंगावर येणारा आहे. तिथे नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल जोडीच्या नावाने घेतली जाते, मजुरी टनावर मिळते आणि बाईचा अर्धा वाटा तिच्या नावावर कुठेच नोंदला जात नाही. खाडा झाला की दंड कापतात, म्हणून पाळीच्या त्रासातही सुटी घेता येत नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये सरकारी समितीने ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या पुस्तकात रजा, वेतन आणि कामगारांचे आरोग्य यांवर प्रकरणे असतात. ती ‘कोयत्या’ला लावून पाहायला काय हरकत आहे?

मुंबईच्या डबेवाल्यांवर हार्वर्डच्या बिझनेस स्कूलने २०१० मध्ये केस स्टडी लिहिली, याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. पण डबा वेळेवर पोचतो तो वेळेवर भरला जातो म्हणून. सकाळी चूल-गॅस सांभाळून तो भरणारी बाई त्या साखळीची पहिली कडी आहे. तिच्या वेळेची शिस्त कोणी अभ्यासली? जे काम घरात होते ते धंद्यात धरायचे नाही, अशी आपली नजर ठरून गेली आहे.

ही नजर प्रश्नावलीतही उतरते. ‘तुम्ही काय करता?’ असे विचारले की बाई म्हणते, ‘काही नाही, घरीच असते.’ विद्यार्थिनी रकान्यात ‘गृहिणी’ लिहून मोकळी होते. त्याऐवजी पहाटे उठल्यापासून काय काय केले, असे अर्ध्या-अर्ध्या तासाने विचारले तर? देशाच्या सांख्यिकी कार्यालयाची वेळेच्या वापराची पाहणी अशीच होते. २०२४ च्या पाहणीत घरची बिनपगारी कामे करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो, पुरुषांचा ८८ मिनिटे, असे दिसले. प्रश्न बदलला की उत्तर बदलते. संशोधन पद्धतीचा हा पहिला धडा आहे.

बचत गटांचेही तसेच. गट किती, कर्ज किती, परतफेड किती टक्के, एवढ्यावर प्रकल्प संपतो. बांगलादेशात अ‍ॅन मेरी गोट्झ आणि रिना सेनगुप्ता यांनी १९९६ मध्ये एक साधा प्रश्न लावून धरला: बाईच्या नावावरचे कर्ज प्रत्यक्षात वापरतो कोण? बऱ्याच कर्जांचा ताबा घरच्या पुरुषांकडे असल्याचे त्यांना आढळले. हाच प्रश्न वाशीतली मुलगी आपल्या आईच्या गटात विचारू शकते. तिला तर दारही ठोठवावे लागणार नाही.

आपल्या बायकांना व्यवहार कळत नाही, असे कोणी म्हणू नये. म्हसवडच्या माणदेशी महिला बँकेचा परवाना आधी नाकारला गेला, कारण प्रवर्तक बायका निरक्षर होत्या. त्या शिकल्या, पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या आणि व्याजाचा तोंडी हिशेब करून दाखवायला तयार झाल्या. १९९७ मध्ये बँक सुरू झाली. ज्ञान बायकांकडे होतेच, फक्त ते परीक्षेच्या भाषेत नव्हते. ते त्या भाषेत आणण्याचे काम आज त्यांच्या मुली करू शकतात.

मात्र त्यासाठी मुलगी वर्गात टिकली पाहिजे. फी माफ झाली तरी छपाईचा खर्च, चर्चासत्राच्या गावी राहण्याची सोय आणि ‘एवढ्या लांब एकटी कशाला?’ हा घरचा प्रश्न शिल्लक राहतो. चौथे वर्ष म्हणजे लग्न आणखी एक वर्ष पुढे ढकलणे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) राज्यातल्या २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के मुलींची लग्ने अठराच्या आत झालेली दिसली. जिथे बारावीपर्यंत पोचणेच अवघड, तिथे संशोधनाचे वर्ष मागणे म्हणजे घरात मोठी लढाई आहे. ती मुलीने एकटीने लढावी, असे आपण म्हणायचे का?

म्हणून माझे मागणे साधे आहे. महाविद्यालयांनी चर्चासत्रे तालुक्याच्या ठिकाणी, दिवसाउजेडी, शेवटची एसटी मिळेल अशा वेळेत घ्यावीत. निबंध मराठीत वाचू द्यावेत. ज्यांच्याविषयी निबंध आहे त्या भट्टीवरच्या, शेळ्यांमागच्या, गटातल्या बायकांना पहिल्या रांगेत बसवावे आणि निबंध खरा की खोटा हे त्यांना सांगू द्यावे. प्राध्यापक मैत्रिणींनी विषयांची जुनी यादी एकदा बाजूला ठेवून पाहावी.

आणि मुलींनो, तुमच्या आईच्या कामाचा हिशेब कोणत्याही पुस्तकात तयार मिळणार नाही. तो तुम्हालाच मांडायचा आहे. मांडलात की आमच्याकडे पाठवा. या अंकाची पाने तुमच्यासाठी राखून ठेवली आहेत.