माळवद गेलं, माळ तरी गच्चीवर आणूया!

एप्रिल लागला, की वरच्या मजल्यावर राहणाऱ्या आम्हा बायकांचे हाल विचारू नका. शिरूर काय नि दौंड काय, पारा चाळिशी ओलांडतो. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत आग ओकतो आणि स्वयंपाकघराची भट्टी होते.

माझ्या आजोळी, घोडनदीकाठच्या गावात, माळवदाचं घर होतं. लाकडी तुळया, त्यावर जाड मातीचा थर, वर पांढरी माती. पावसाळ्यात त्यावर गवत उगवायचं, कधी गळायचंही. पण भर उन्हाळ्यात घर माठासारखं गार! पुढे रांजणगाव, कुरकुंभला एमआयडीसी आल्या, गावं वाढली, माळवदं जाऊन स्लॅब आले. सोय झाली, गारवा गेला.

आता गच्चीवर हिरवळ करायची हौस आली आहे. चांगलंच आहे. कॅनडातल्या टोरांटो शहराने तर 2009 साली मोठ्या नव्या इमारतींवर हिरव्या छताची सक्ती करणारा नियम केला. पण आपण नर्सरीतून आणतो ते लॉन! जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची, तिथे लॉनला रोज पाणी? आणि त्या बादल्या वर नेणार कोण? घरातली बाईच ना?

उत्तर आपल्या माळावरच आहे. आपला भाग पर्जन्यछायेतला, पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास. मुरमावर वीतभर माती नसते, तरी तिथे घोळ, चिवळ, मारवेल गवत तगून राहतं. मग स्लॅब तरी वेगळा काय? खाली दगड, वर चार बोटं माती! घोळ-चिवळीच्या जाड पानांत पाणी साठतं, शिवाय घरात भाजी होते. छोटा चांदवा हे फुलपाखरू घोळीवर अंडी घालतं. मारवेल उन्हाळ्यात वाळतं, पण पहिल्या पावसात पुन्हा फुटतं. वाळलेलं तेवढं कापून घ्यायचं.

मात्र मैत्रिणींनो, उत्साहाच्या भरात गच्चीवर माती ओतू नका. चार इंच ओल्या मातीचं वजन एका चौरस मीटरला दीडशे ते दोनशे किलो भरतं. साधी गच्ची एवढ्या कायमच्या ओझ्यासाठी बांधलेली नसते. आधी इंजिनिअरला विचारा, वॉटरप्रूफिंग करा, पाण्याला वाट ठेवा. थर पातळ ठेवा, मातीत निम्मं कुजलेलं उसाचं पाचट मिसळा. आपल्याकडे पाचटाला काय तोटा? कितीतरी शेतांत ते पेटवूनच देतात! वड-पिंपळाचं रोप दिसलं, तर लगेच उपटा. त्यांची मुळं स्लॅब फोडतात.

पत्र्याच्या घरांना हे ओझं पेलणार नाही, आणि उन्हाचा खरा मार तर तिथेच. म्हणून सुरुवात सार्वजनिक इमारतींपासून व्हावी. 2020 साली राज्यात ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू झालं, वृक्षारोपणाचे फोटो भरपूर निघाले. आता नगरपरिषदेने शाळेची किंवा दवाखान्याची एक मजबूत गच्ची निवडावी, बचत गटाला रोपांचं काम द्यावं आणि खालच्या खोलीत थर्मामीटर लावून बघावं.

आजीला ‘ग्रीन रूफ’ हा शब्द ठाऊक नव्हता. घर गार कसं ठेवायचं, ते मात्र ठाऊक होतं.