विलक्षण क्षमतेचा पुरावा

अमेरिकेत कायम वास्तव्य मिळवण्यासाठी असलेल्या वर्गांपैकी ईबी-1ए हा ‘विलक्षण क्षमता’ असणाऱ्यांचा वर्ग 1990 च्या स्थलांतर कायद्याने आला. त्यात नोकरी देणारे रुग्णालय पाठीशी असावे लागत नाही. परिचारिका आय-140 हा स्थलांतराचा अर्ज स्वतःच करू शकते. परिचारिकांचा नेहमीचा मार्ग म्हणजे नोकरीच्या आधारावरचा ईबी-3 हा वर्ग. त्यात ‘शेड्यूल ए’मुळे श्रम खात्याच्या प्रमाणनातून सूट मिळते, पण भारतीयांची रांग दहा वर्षांहून लांब आहे. साहजिकच नजर पहिल्या वर्गाकडे वळते. मात्र चांगली, अनुभवी, कष्टाळू परिचारिका असणे इथे पुरत नाही. देशपातळीवर किंवा आंतरराष्ट्रीय पातळीवर टिकून असलेला लौकिक, आणि आपल्या क्षेत्रातील अगदी वरच्या मोजक्या लोकांत स्थान, एवढे सिद्ध करावे लागते.

नोबेलसारखा एकच मोठा पुरस्कार नसेल, तर दहा निकषांपैकी किमान तीन पूर्ण व्हावे लागतात. अमेरिकी न्यायालयाच्या 2010 च्या कझारियन निकालानंतर तपासणी दोन टप्प्यांत होते: आधी निकष मोजले जातात, मग सगळा पुरावा एकत्र ठेवून तो खरोखर त्या उंचीचा आहे का, हे पाहिले जाते. बरेच अर्ज या दुसऱ्या टप्प्यावर अडतात. दहांपैकी कलाप्रदर्शन आणि रंगमंचावरील व्यावसायिक यश हे निकष परिचारिकेच्या कामाचे नाहीत. मोठ्या वेतनाचा निकषही शासकीय सेवेत जवळजवळ निरुपयोगी, कारण तिथे वेतन व्यक्तीच्या कर्तृत्वावर नव्हे, वेतनश्रेणीवर ठरते.

पुरस्कारांत राष्ट्रीय फ्लोरेन्स नाइटिंगेल पुरस्कार वजनदार ठरतो. केंद्र सरकारने तो 1973 मध्ये सुरू केला आणि तो व्यक्तीला मिळतो. ‘कायाकल्प’ किंवा ‘लक्ष्य’ या सरकारी आरोग्य योजनांचे मानांकन मात्र संस्थेचे असते. जिल्ह्याच्या पातळीवरही तेच. उदाहरणार्थ, धाराशिव जिल्हा 2018 पासून केंद्राच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत आहे. तिथले संस्थात्मक प्रसूतीचे आकडे सुधारले, तरी श्रेय जिल्ह्याच्या नावावर जाते. प्रसूतिकक्ष सांभाळणाऱ्या परिसेविकेचे नाव त्या अहवालात सहसा नसते. आपल्या व्यवसायाची ही जुनी दुखरी जागा आहे, आणि या अर्जात ती थेट आडवी येते. उपाय महत्त्वाच्या भूमिकेच्या निकषात आहे. संस्था नामांकित असल्याचा पुरावा जोडायचा आणि त्या कामात तिचा वाटा नेमका काय होता, हे वरिष्ठांकडून तपशिलाने लिहून घ्यायचे. ‘काम समाधानकारक, वर्तणूक चांगली’ अशा अनुभव प्रमाणपत्राने काहीच सिद्ध होत नाही. नेमणुकीचा कार्यालयीन आदेश, तिने तयार केलेली कार्यपद्धती, आधीची आणि नंतरची नोंदवही, हे कागद बोलतात.

मौलिक योगदानाचा निकष सर्वांत अवघड. समजा, प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावावर नजर ठेवण्यासाठी जिल्हा स्त्री रुग्णालयातील एका अधिपरिचारिकेने तक्ता तयार केला. तो तिच्याच वॉर्डात वापरला गेला, तर ते उत्तम काम; योगदान मोठे मानले जाणार नाही. धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूर, कळंब, उमरगा येथील रुग्णालयांनी तो उचलला, राज्याच्या आरोग्य विभागाने परिपत्रक काढले, इतरांनी शोधनिबंधांत त्याचा आधार घेतला, की चित्र बदलते. शिफारसपत्रेही तिच्याशी कधी काम न केलेल्या तज्ज्ञांची असली, तर त्यांना अधिक किंमत.

वृत्तपत्रातील कात्रणांची गोष्ट वेगळीच. नियमानुसार मजकूर त्या व्यक्तीविषयी हवा, आणि मथळा, तारीख, लेखक यांची माहिती हवी. आपल्या जिल्हा आवृत्त्यांत बातमीवर अनेकदा फक्त ‘प्रतिनिधी’ किंवा ‘वार्ताहर’ असते. परिचारिका दिनाच्या सत्काराच्या बातमीत दहा नावांमध्ये एक नाव असणे, हा पुरावा नव्हे. शिवाय मराठी कात्रणासोबत संपूर्ण इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचे प्रमाणपत्र जोडणे बंधनकारक आहे.

सदस्यत्वाबाबत गैरसमज मोठा आहे. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया ही 1908 पासूनची मान्यवर संघटना. पण पात्रता आणि वर्गणीवर मिळणारे सदस्यत्व या निकषात बसत नाही. तज्ज्ञांनी कर्तृत्व पारखून दिलेली फेलोशिप बसते. परीक्षणाच्या निकषासाठी शोधपत्रिकेतील लेखांची तपासणी किंवा प्रबंधाचे परीक्षकपद उपयोगी पडते; त्याची निमंत्रणपत्रे आणि काम पूर्ण केल्याची नोंद, दोन्ही जपून ठेवावीत.

पैसे भरून मिळणारे ‘आंतरराष्ट्रीय’ पुरस्कार आणि आठवड्यात लेख छापणारी नियतकालिके यांपासून दूर राहावे. असा एक कागद सगळ्या फाइलवर संशय आणतो, आणि खोटा पुरावा पकडला गेला तर पुढचे दरवाजेही बंद होऊ शकतात. वॉर्डात काम करणाऱ्या बहुसंख्य परिचारिकांसाठी ईबी-3 हाच खरा रस्ता आहे, हे त्यांना स्पष्ट सांगितले पाहिजे. संशोधन, अध्यापन किंवा धोरणाच्या कामात नाव कमावलेल्यांनीच ईबी-1एचा विचार करावा. त्या वर्गातही भारतीयांना अलीकडे थांबावे लागते. आणि अर्ज मंजूर झाला, तरी तिथे परिचारिका म्हणून काम करायचे असेल तर राज्याचा परवाना, त्यासाठीची एनसीएलईएक्स परीक्षा आणि व्हिसास्क्रीन प्रमाणपत्र यांतून सुटका नाही.