आवाज जमा, झोप नावे

अक्कलकोटच्या माणसाला आवाजाचं वावडं आहे, असं कुणी म्हणू नये. पहाटे काकड आरतीची घंटा, रात्री शेजारतीची घंटा आणि मधले सगळे तास भाविकांचे. गुरुवारी पुण्या-मुंबईच्या गाड्या येतात आणि वटवृक्ष मंदिराच्या वाटेवर हारवाले, पेढेवाले एका दमात मराठी आणि कानडी बोलतात. आमच्याकडे भांडणसुद्धा मराठीत सुरू होतं आणि रंगात आलं की कानडीत शिरतं. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर गाणी लावून जातात. हे सगळं आम्ही जन्मापासून ऐकत आलो. पण घंटेमागे देव असतो, पेढेवाल्याच्या ओरडण्यामागे त्याचं पोट असतं, ट्रॅक्टरमागे निदान ऊस असतो. बुलेटच्या बदललेल्या सायलेन्सरमागे काय असतं, एवढंच मला विचारायचं आहे.

ही गाडी तुम्हीही पाहिली असेल. पाहिली नसली तरी ऐकली नक्कीच असेल. कंपनीनं बसवलेला सायलेन्सर काढून तिथे एक पोकळ नळकांडं लावलेलं असतं. चौकात आलं की पोरगं चालत्या गाडीची किल्ली क्षणभर बंद करतं आणि पुन्हा चालू करतं. तेवढ्यात न जळलेलं पेट्रोल तापलेल्या नळकांड्यात शिरतं आणि 'धडाम्' फुटतं. मी कॉमर्सचा पदवीधर, मला हिशेबापलीकडे काही कळत नाही. पण शंभरी ओलांडलेलं पेट्रोल इंजिनाच्या बाहेर जाळायचं, आणि त्यानं गाडी वीतभरही पुढे जायची नाही, याला आमच्या बँकेत बुडीत खातं म्हणतात.

आमच्या घरी या आवाजाचा हिशेब वडिलांच्या नावे पडतो. वय एकोणऐंशी, बायपास झालेली. बायपास करून हृदयाकडचा रस्ता मोकळा झाला, पण आमच्या घरापुढच्या रस्त्याला बायपास नाही. रात्री साडेअकराला तो 'धडाम्' झाला की ते छातीवर हात ठेवून उठून बसतात आणि विचारतात, "काय रे फुटलं?" मी म्हणतो, "काही नाही, अण्णा. गाडी गेली." "मग कुणी पडलं का?" "नाही, अण्णा." कुणी पडलेलं नाही, काही फुटलेलं नाही, तरी एवढा आवाज का झाला, हे त्यांना पटवता पटवता बारा वाजतात. मग ते जागे असतात ते काकड आरतीपर्यंत.

एकदा अशा एका पोराला थांबवून विचारलं. तो म्हणाला, "काका, पिकअप वाढतो की!" शेजारी उभा असलेला मेकॅनिक जास्त प्रामाणिक निघाला. "साहेब, आवाज नसला तर बुलेट हाय का सायकल हाय, मानसाला कळनार कसं?"

या पिकअपचा हिशेब पाहू. साडेतीनशे सीसीच्या बुलेटची ताकद वीस अश्वशक्तीच्या आसपास. लहानातल्या लहान मारुतीची याच्या दुपटीहून जास्त, आणि ती बिचारी उशिरा घरी येणाऱ्या नवऱ्यासारखी चोरपावलांनी गल्लीत शिरते. आवाजावरून ताकद ठरत असती तर आमच्या स्वयंपाकघरातल्या मिक्सरनं सोलापूर गाठलं असतं.

मुळात सायलेन्सर म्हणजे इंजिनाच्या नरड्यात कोंबलेला बोळा नव्हे. इंजिनातून तापलेला वायू दर स्फोटाला धक्क्यानं बाहेर येतो, त्या धक्क्याचा हा आवाज. सायलेन्सरच्या पोटात कप्पे असतात, भोकं पाडलेल्या नळ्या असतात. वायू पसरतो, लाटा भिंतींवर आपटून परततात आणि एकमेकींना मारतात. अमेरिकेत इंडियाना प्रांतातल्या रीव्हज बंधूंनी १८९७ साली अशा यंत्राचं पेटंट घेतलं. त्याहून बोधप्रद कथा मॅक्सिम घराण्याची. बाप हायरम मॅक्सिम यानं १८८४ साली मशीनगन काढली आणि तोफाबंदुकांच्या आवाजानं स्वतः ठार बहिरा झाला. मुलगा हायरम पर्सी यानं बंदुकीचा सायलेन्सर काढला, १९०९ साली त्याचं पेटंट घेतलं आणि इंजिनांसाठीही सायलेन्सर बनवले. बापाचे कान पाहून मुलगा शहाणा झाला. आमच्याकडे बाप हप्ते भरतो आणि मुलगा बापाचे कान घालवतो.

डेसिबलचं गणितही व्याजासारखंच फसवं आहे. दहा डेसिबल वाढले म्हणजे आवाज थोडा चढला असं वाटतं. प्रत्यक्षात त्याची ऊर्जा दहापट होते. नवं नळकांडं मूळ सायलेन्सरपेक्षा दहा डेसिबलनं जास्त ओरडत असेल, तर एकटा पोरगा गल्लीतून एकदम दहा बुलेटी नेतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीला रात्री दहा ते पहाटे सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. त्या मर्यादेत फार तर माझं घोरणं बसतं, असं सौ. म्हणते, आणि तेही तिला पटलेलं नाही.

कुणी म्हणेल, ज्याला खरंच वेगाची हौस आहे त्यानं काय करावं? माझ्या पुण्याच्या भाच्याचं ऐका. त्यानं मोटारीचं इंजिन वाढवून घेतलं आणि मागचा सायलेन्सर काढून सरळ रुंद पाईप टाकला. सोलापूर रस्त्यावर एका ठरावीक वेगाला गाडीत असा घुमारा उठू लागला, की मागे बसलेली आमची ताई टेंभुर्णीपर्यंत डोकं धरून बसली. "मामा, मला स्पीड हवा होता, आवाज नको होता," असं म्हणत त्यानं पुन्हा खर्च केला. भोकाभोकांच्या सरळ नळीभोवती काचेची लोकर भरलेला सायलेन्सर बसवला आणि पाईपला त्या घुमाऱ्याच्या मापाची एक बंद डबी जोडली. वायूची वाट मोकळी, आवाज तेवढा लोकरीत आणि डबीत जिरला. गाडी पळते तशीच आणि ताई आता मागे झोपते. म्हणजे ताकद आणि शांतता एका गाडीत नांदतात. आवाज ही ताकदीची किंमत नव्हे, ती निव्वळ जाहिरात आहे.

आणि ही जाहिरात बेकायदा आहे. १९८९ सालच्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२० वा नियम प्रत्येक वाहनाला सायलेन्सर सक्तीचा करतो, शेतातला ट्रॅक्टरसुद्धा सोडत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाजाचे नियम मोडणाऱ्याला पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. अधूनमधून शहरांतले पोलीस असली नळकांडी रस्त्यावर ओळीनं मांडून त्यावरून रोडरोलर फिरवतात. फोटो छान येतो. पण ज्या दुकानात ती टांगलेली असतात, त्या दुकानाच्या पायरीपर्यंत रोडरोलर जात नाही. दुकानदार म्हणतो, हा माल फक्त रेसिंगसाठी. अक्कलकोटात रेस कुठे होते? अन्नछत्रात पहिल्या पंगतीला बसण्याची होते तेवढीच, आणि ती पायी.

सर्वांत वाईट वाटतं ते गाडीची मागची बाजू पाहून. वर स्वामींचं नाव, भिऊ नकोस असा त्यांचा दिलासा आणि त्याच्या हातभर खाली आजारी म्हाताऱ्यांना भिववणारं नळकांडं. ज्यांच्या पायाशी माणसं घाबरलेलं मन घेऊन येतात, त्यांच्या गावात तरी हे शोभत नाही.

बँकेत रोज वाहनकर्जाचे कागद माझ्या हाताखालून जातात. कर्ज फिटेपर्यंत गाडी आमच्याकडे तारण असते, आणि कोटेशनात सायलेन्सर मूळचाच असतो. हौस पोराची, नफा दुकानदाराचा, हप्ता बापाचा आणि खर्च मात्र गल्लीच्या झोपेच्या नावे पडलेला. असलं खातं बँकेत एक दिवस चालणार नाही. ऑडिटर दारात उभा राहील. गावात ते बिनबोभाट चाललंय, कारण आपण सगळे दुसऱ्या कुशीवर वळून पुन्हा झोपायचा प्रयत्न करतो.

यावर उपाय महाग नाही. काढलेला सायलेन्सर बहुतेकांच्या घरी माळ्यावर, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला आहे. तो खाली काढा आणि येत्या रविवारी गाडीला बसवा. पाना नसला तर आमच्याकडे या, मी देतो. फक्त येताना गाडी ढकलत आणा, अण्णा दुपारी जरा पडलेले असतात.